पौषातले चार रविवार

पहिल्या रविवारी आम्ही हॉटेलात गेलो, आणि तिथंच सगळं मोडल्यात जमा होतं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट आहे. मी तेवीस वर्षांची, बी. ए. झालेली, एका वकिलांकडं टायपिस्ट. मार्गशीर्षात मला बघायला आमच्या कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचा एक मुलगा येऊन गेला. घरी उसाची शेती, स्वतः सरकारी खात्यात ओव्हरसिअर, उंच, सावळा, हाताचे पंजे फावड्याएवढे. पोहे खाल्ले, पाणी प्याला, मान खाली घालून बसला आणि गेला. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत आहे. आमच्या घरात आनंदीआनंद झाला. फक्त मला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

मी म्हटलं, "ज्या माणसाचा आवाज मी ऐकलेला नाही, त्याच्याशी मी लग्न करणार नाही."

या हट्टामागं कारण होतं. माझी मावसबहीण अशीच पाच मिनिटांच्या पोह्यांवर सासरी गेली. नवरा निर्व्यसनी, पगारदार, सगळं चांगलं. पण सहा वर्षांत तो तिच्याशी 'वाढ', 'झालं' आणि 'दिवा मालव' यापलीकडं काही बोलला नव्हता. माहेरी आली की ती आमच्या मांजराशीसुद्धा तास तास बोलत बसायची. मला तिची दया यायची, आणि दयेपेक्षा भीती जास्त वाटायची.

वडील शाळेत गणिताचे मास्तर. त्यांनी माझं ऐकून घेतलं, पंचांग काढलं आणि बोटं मोजली. "पौष लागतोय. पौषात लग्नाचं काही ठरवत नाहीत, याद्या माघातच होणार. मध्ये चार रविवार मिळतात. त्याच्याबरोबर फिरायला जा, बोल, बघ. माघ लागला की तू सांगशील ते मी कळवीन. हो तर हो, नाही तर नाही. मात्र एकदा कळवलं की मागं फिरायचं नाही."

त्या काळात आमच्या पेठेतल्या कुठल्या मुलीला तिच्या बापानं 'नाही' म्हणायची सवड दिली असेल असं मला वाटत नाही. मी तर त्या रात्री हवेतच होते. आईला हे फिरणं अजिबात मान्य नव्हतं. तिनं दोन अटी घातल्या. दिवेलागणीच्या आत घरी यायचं, आणि आत्या बरोबर जाईल. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ती आमच्याकडंच राहायची आणि तिचा आवाज चौथ्या घरापर्यंत जायचा.

तर पहिला रविवार. लग्न ठरू घातलेल्या मुला-मुलींनी जायचं कुठं, तर हॉटेलात. दुसरं काही कुणाला सुचतच नसे. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचा खोका आणि दाराला मळका हिरवा पडदा. एका बाकावर मी आणि आत्या, समोर तो. मिसळ आली, चहा आला. तो म्हणाला, "घ्या." मी घेतलं. मग म्हणाला, "आणि काय घेणार?" मी म्हटलं, "काही नको." दहा मिनिटं गेली. "मग, आणि काय घेणार?" पाऊण तासात हा प्रश्न त्यानं पाच वेळा विचारला. उरलेल्या वेळात तो मिठाची वाटी टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडं सरकवत होता. आत्यानं मात्र पाचही वेळा काहीतरी घेतलं.

घरी आल्यावर मी चपला भिरकावल्या. "दगड आहे नुसता!"

"दगड न्हाय गं, लाजतोय त्यो," आत्या म्हणाली. "मिसळ बाकी झकास हुती."

वडील वहीतून मान वर न काढता म्हणाले, "तीन राहिले."

तो आठवडा मी चिडचिड करत काढला. ऑफिसात टाईप करता करता अर्जात दोनदा 'आणि काय घेणार' टाईप केलं. मग बुधवारी संध्याकाळी आई आणि मी मिरच्यांची देठं काढत बसलो होतो, आणि आई मला तिच्या लहानपणीचं काहीतरी सांगत होती, हसत होती, आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण बोलतो कधी? हातात काहीतरी असतं तेव्हा. निवडताना, धुताना, वाळत घालताना, चालताना. आयुष्यातली एकही महत्त्वाची गोष्ट मला कुणी टेबलाच्या पलीकडं बसून सांगितलेली नव्हती. हॉटेलात माणसानं करायचं काय? एकमेकांचं तोंड बघायचं आणि घास गिळायचा. अशानं बोलका माणूससुद्धा मुका होईल!

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या मशीनवर एक चिठ्ठी टाईप केली. "येत्या रविवारी हॉटेल नको. दुपारी तीन वाजता फुटबॉलच्या मैदानाच्या दारात." खाली सही केली आणि वडिलांच्या हातून त्याच्या कचेरीत पाठवून दिली. वडिलांनी ती वाचली. "वकिलाची नोटीस वाटते," म्हणाले, पण नेऊन दिली.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगून कळत नाही. आमच्याकडं पेठेपेठेला तालीम, आणि तालमीला कुस्तीबरोबर फुटबॉलचा संघ. मी वडिलांच्या खांद्यावर बसून मॅच बघत वाढलेली. मोठी झाल्यावर ते सुटलं होतं, कारण मैदानात बायका बोटावर मोजण्याइतक्या. आईनं कपाळाला हात लावला. आत्या पदर खोचून म्हणाली, "मी बी येतो की! मला काय झालंय?"

तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभा होता. पायऱ्यांवर बसलो. मध्ये आत्या, तिच्या ओच्यात शेंगा. आमच्या पेठेचा सामना नेमका त्या पेठेशी होता, जिच्याशी आमच्या सात पिढ्यांचं पटलेलं नाही. सामना सुरू झाला, आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की हा गृहस्थ टाळ्या वाजवतोय, पण उलट्या बाजूनं!

"तुम्ही त्यांच्याकडनं?" मी आत्याच्या पाठीमागून वाकून विचारलं.

"माझी सगळी शाळा त्या पेठंत झाली. मामाच्या घरात," तो म्हणाला. "मग कुणाकडनं असणार?"

अहो, एकदम दोन वाक्यं! पण आनंद मानायला वेळ कुठं होता? समोर आमचा फॉरवर्ड चेंडू घेऊन निघालेला, त्यांच्या बॅकनं हात लावला, सरळसरळ हात, आणि रेफरी दुसरीकडंच बघतोय.

"हँड!" मी उभी राहून ओरडले. "हँड होतं ते!"

"हँड कसलं? खांद्याला लागलाय!"

"खांदा कोपरापाशी असतो का तुमच्या पेठेत?"

"आणि मघाशी तुमच्या पोरानं पाय घातला, ते दिसलं न्हाय व्हय?"

"पाय घातला? तो स्वतःच पडला! पडायलाच घेतलाय त्याला तुमच्या संघात!"

आम्ही दोघं आत्याच्या डोक्यावरून भांडत होतो. आजूबाजूचे लोक मॅच सोडून आमच्याकडं बघायला लागले. शेवटी आत्या शेंगा सावरत उठली. "मला मधनं काढा बाबांनो, माझं कान गेलं," म्हणाली आणि पलीकडं जाऊन बसली. मग काय, रानच मोकळं! अर्धा तास आम्ही इतकं भांडलो, इतकं भांडलो, की माझा घसा बसला. त्याच्या शर्टाची इस्त्री कधीच गेली होती. आमचा संघ एका गोलनं हरला आणि मला रडू येईल इतका राग आला.

मैदानाबाहेर पडताना तो माझ्या शेजारी आला आणि हळूच म्हणाला, "ते हँडच हुतं."

"काय?"

"हँडच हुतं. पर तिथं तसं म्हटलं असतं तर माझ्या मामानं मला दारात उभं केलं नसतं."

मी रस्त्यात उभी राहून खो खो हसले. रागावलेल्या माणसाला असं हसवणं सोपं नाही, आणि मला तर मुळीच नाही. परतताना आम्ही दुधाच्या कट्ट्यावर थांबलो. तिथं म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. हॉटेल नको असं मी म्हटलं होतं, म्हशीला कुणी नको म्हटलं नव्हतं. त्यानं एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिची जात, तिचं वेत, तिचा स्वभाव सगळं आत्याला सांगितलं. ओठांवर फेसाची मिशी तशीच होती आणि तो बोलतच होता.

घरी आले तेव्हा वडील म्हणाले, "दोन राहिले."

"मोजताय कशाला?" मी म्हटलं, आणि आत पळाले.

तिसऱ्या रविवारची जागा त्यानं ठरवली. त्याचीही चिठ्ठी आली, हातानं लिहिलेली. "आमच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू आहे. सकाळी या. जुनी साडी नेसा." जुनी साडी नेसा! मुलीला भेटायला बोलावताना असं आजवर कुणी लिहिलं असेल का? मी ती चिठ्ठी चार वेळा वाचली.

लग्नाआधी सासरचा उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून त्याच्या घरी न जाता आम्ही थेट मळ्यात गेलो. संक्रांत होऊन आठवडा झाला होता, सकाळची थंडी अजून अंगाला लागत होती. लांबूनच गोड धुराचा वास आला. चरकातून उसाचा रस पडत होता, चुलवाणावर भली मोठी काहील, म्हणजे रसाची पसरट कढई, रटरटत होती, आणि तो, आमचा मुका ओव्हरसिअर, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, लांब दांड्याच्या झाऱ्यानं वरची मळी काढत उभा होता. आम्हाला बघून तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "चपला तिकडं काढा आणि हा दांडा धरा."

मी धरला! हात भाजतील की काय असं वाटत होतं, वाफेनं चेहरा लाल झाला होता, आणि तो बाजूला उभा राहून मला सांगत होता. रस कधी उकळतो, पिवळा फेस कधी येतो, काकवी कधी काढून घ्यायची. मध्येच स्वतःचं सांगायचा. दहा वर्षांचा असताना काहिलीत पडता पडता कसा वाचला, नोकरी लागल्यावर पहिला महिना कचेरीत बसून पाय कसे आखडले, हॉटेलात त्या पडद्याआड बसल्यावर हात कुठं ठेवावेत तेच कसं कळेना. "मला वाटलं तुम्ही मला येडाच समजणार," तो म्हणाला.

"समजलेच होते," मी म्हटलं.

मग गुळव्या आला, म्हणजे गूळ झाला की नाही ते ठरवणारा माणूस. त्यानं काहिलीतला एक थेंब गार पाण्यात टाकला, बोटांत गोळा केला आणि मान हलवली. चौघांनी काहील उचलून गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली आणि सोन्यासारखा पातळ गूळ पसरला. आम्ही तो उसाच्या कांडीवर गुंडाळून शेंगदाण्यांबरोबर खाल्ला. माझ्या साडीला, केसांना, कोपरांना, सगळीकडं गूळ. आत्या काकवी भाकरीवर ओतून खात होती आणि 'बया बया' म्हणत होती. मला वाटलं, हा दिवस संपूच नये. इतकं साधं आणि इतकं खरं मला वाटलं ते.

त्याच उत्साहात मी पुढचा बेत सांगून टाकला. आमच्या गल्लीतले एक काका सिनेमाच्या स्टुडिओत लाइटमन होते. पुढच्या रविवारी तिथं लग्नाचा सीन होता, गर्दीला माणसं हवी होती, आणि काकांनी सगळ्या गल्लीला आवतण दिलं होतं. "शूटिंग! याल?" मी विचारलं. तो म्हणाला, "नुसतं उभं राहायचं असंल तर येतो." निघताना त्यानं आत्याच्या हातात गुळाची एक जड भेली दिली.

आणि तिथंच घोळ झाला.

आत्याचा एक नेम होता. काहिलीचा ताजा गूळ घरात आला की एकट्यानं खायचा नाही, शेजारीपाजारी वाटायचा. तिच्या माहेरची, म्हणजे आमचीच, जुनी रीत. सोमवारी मी ऑफिसला गेल्यावर तिनं भेली फोडली आणि गल्लीतल्या एकोणीस घरांत गुळाचा एकेक खडा देऊन आली. आता दुसरी रीत बघा. साखर रेशनवर होती, म्हणून आमच्या गल्लीत लग्न ठरलं की साखरेऐवजी गूळ फिरवायला लागले होते. घरात लग्नाची मुलगी, रविवारी गडमुडशिंगीहून परत आलेली, आणि सोमवारी सकाळी दारोदार गूळ! कुणी काय समजायचं?

मी संध्याकाळी गल्लीत शिरले तर कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "ब्लाउज लवकर टाका बरं का, मग गर्दी होईल." एक आजी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून गेल्या. दुसऱ्या दिवशी कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन दारात हजर. "कुठला चुडा दाखवू?" मी आत्याला म्हटलं, "काय केलंस तू हे?" ती बिचारी कावरीबावरी झाली. "संक्रांतीचा हुता म्हणून सांगू का?"

"संक्रांत होऊन आठ दिवस झाले!"

वडील पहिल्यांदाच काळजीत दिसले. ते म्हणाले, "तुझा रविवार अजून शिल्लक आहे. माझा शब्द तोच आहे." पण त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. गूळ वाटून झाल्यावर 'नाही' म्हटलेली मुलगी म्हणजे लग्न मोडलेली मुलगी. पुढं दहा स्थळं आली तरी प्रत्येकाला हे कुणीतरी आधी सांगणार. माझ्या हातातलं 'नाही' कुणीतरी काढून घेतलं होतं. आणि 'नाही' म्हणता येत नसेल तर 'हो' ला अर्थ काय राहिला?

मी रात्रभर विचार केला, आणि माझ्या तापट डोक्यात एक किडा शिरला. भेली दिली कुणी? त्यानंच की. शेतकऱ्याच्या पोराला गुळाचा अर्थ कळत नाही असं थोडंच आहे? मुद्दाम दिली असणार. गोड बोलून, मळी काढायला लावून, डाव टाकला! शुक्रवारपर्यंत माझी खात्रीच झाली. त्यात गल्लीचं वागणं बदललं. आधी ओरडून अभिनंदन करणारी माणसं मला बघून गप्प व्हायला लागली. शिंप्यानं मान खाली घातली. आजींनी नुसतं "ऑफिसला का?" विचारलं. मला वाटलं, आता पाठीमागं बोलत असतील. रविवारी मी पिवळी साडी नेसले ती 'नाही' म्हणायची असं ठरवूनच. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत, मला असा कावेबाज माणूस नको होता.

स्टुडिओच्या अंगणात मांडव घातला होता. केळीचे खांब खरे, वर कागदाची फुलं. चंदेरी पत्रे धरून माणसं उन्हाची तिरीप नवरीच्या तोंडावर पाडत होती. आमची निम्मी गल्ली नटून आली होती. तोही आला होता, तोच पांढरा शर्ट, पुन्हा कडक इस्त्री. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खऱ्या लग्नात असतात तसे पुरुष मांडवाच्या एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला उभे केले. प्रत्येकाच्या हातात अक्षता दिल्या. भोंगा घेतलेला एक माणूस सांगत होता, "सावधान म्हटलं की अक्षता टाकायच्या. कॅमेऱ्याकडं बघायचं न्हाय."

आत्यानं हात वर केला. "पण पौषात लगीन?"

"आजी, खोटं लगीन हाय."

"खोटं असलं म्हणून काय झालं!" आत्या म्हणाली. पण अक्षता तिनं घट्ट धरल्या होत्या.

पहिल्या टेकला नवरदेवाचा मुंडावळीचा दोरा तुटला. दुसऱ्याला कुणीतरी शिंकलं. दर वेळी खाली पडलेल्या अक्षता झाडून गोळा करायच्या आणि परत वाटायच्या. तिसऱ्या आणि चौथ्या टेकच्या मध्ये, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकू, त्याच लाइटमन काकांच्या बायको, माझ्या कानाशी लागल्या.

"ए, तुझं काय ठरलं गं? न्हाई, मी विचारत न्हाई. तसं कबूल केलंय मी."

"कुणाला कबूल केलंय?"

"त्याला की." त्यांनी समोरच्या पुरुषांकडं हनुवटी केली. "बुधवारी आमच्या दारात आलता. सायकलच्या दुकानात कुणीतरी त्याला म्हणालं म्हणं, गूळ खाल्ला तुमचा पावणं. तसा सरळ गल्लीत शिरला. आत या म्हटलं तर आला न्हाय. चपला काढून दारात उभा. म्हणाला, 'काकू, परवाचा गूळ नुसता खायचा हुता. तिचं अजून ठरायचंय. तुमी ठरलं म्हणून बोलू नका, तिला न्हाई म्हणायला अवघड जाईल.'"

मी समोर बघितलं.

"आमच्यातच न्हाय," काकू म्हणाल्या. "शिंप्याकडं, आजींकडं, सगळ्यांकडं गेला. एकोणीसच्या एकोणीस घरं केली. घाम फुटला हुता बिचाऱ्याला. मला वाटलं तुला ठाऊक असंल."

पडद्याआड मिठाची वाटी सरकवणारा माणूस! ज्याला एका ओळखीच्या मुलीशी पाऊण तासात दुसरं वाक्य सुचलं नव्हतं, तो एकोणीस अनोळखी दारांत उभा राहून बोलला होता. कशासाठी? माझं 'नाही' मला परत मिळावं म्हणून. आणि मी आठवडाभर त्याला कावेबाज ठरवून बसले होते. मला लाज वाटली, आणि इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा ते कळेना.

"सायलेन्स!" भोंगेवाला ओरडला. सगळा मांडव गप्प. कॅमेरा फिरायला लागला. समोर, नवरा-नवरीच्या पलीकडं, तो अक्षता मुठीत धरून सांगितल्याप्रमाणं शिस्तीत उभा होता. कॅमेऱ्याकडं बघत नव्हता, माझ्याकडंही नव्हता.

"सावधान!"

सगळ्यांच्या अक्षता नवरा-नवरीवर पडल्या. माझ्या मात्र मी नेम धरून, हात मागं घेऊन, त्यांच्या डोक्यावरून पलीकडं त्याच्यावर फेकल्या. सगळ्या मूठभर. त्याच्या केसांत, खांद्यांवर, इस्त्रीच्या शर्टावर.

"कट! कट!" भोंगा माझ्याकडं वळला. "ओ पिवळी साडी! अक्षता कुणावर टाकताय? नवरदेवावर टाकायच्या!"

कुणाला हसावं की नाही ते कळेना. तो माझ्याकडं बघत होता. पापणीवर एक तांदूळ तसाच होता, तो त्यानं पुसला नाही. आणि मग तो बोलला, मैदानातल्या आवाजात, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं.

"साहेब, त्यांचं बरोबर हाय."

आमची गल्ली फुटली! हसू, टाळ्या, शिट्ट्या. भोंगेवाल्याला काही कळेना, काकांनी जाऊन त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि तोही हसायला लागला. आत्या रडत होती आणि एकीकडं आजींना सांगत होती, "पौषात! ह्या पोरीनं पौषात टाकल्या अक्षता!" पाचवा टेक व्हायला पुढं अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात पाण्याच्या पिंपापाशी मी त्याला सगळं सांगून टाकलं, की मला वाटलं तुम्ही गूळ मुद्दाम दिला. तो रागावला नाही. "मला बी तसंच वाटलं असतं," म्हणाला.

घरी गेलो. वडील वहीत काहीतरी तपासत होते. त्यांनी वर बघितलं, माझ्या चेहऱ्याकडं, मग आत्याच्या चेहऱ्याकडं. रविवार संपले होते, तेव्हा मोजण्यासारखं काही नव्हतं. "कळवू का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"कळवा," मी म्हटलं.

माघात याद्या झाल्या. त्या दिवशी घरात कुठून कुठून साखर जमा केली होती. आत्या ताट घेऊन निघाली तसं मी तिच्या हातातून ते काढून घेतलं. मुलीनं स्वतः आपल्या लग्नाची साखर वाटायची रीत नाही, आई मागून सांगत होती, पण मी चपला घातल्यासुद्धा होत्या. शिंप्याकडं गेले, आजींकडं गेले, त्याच एकोणीस घरी गेले. शेवटचं दार काकूंचं. त्यांनी चिमूटभर साखर तळहातावर घेतली आणि माझ्याकडं मिस्कील बघत विचारलं, "ही नुसती खायची, का बोलायचं बी?"

मी म्हटलं, "बोला काकू, खुशाल बोला."